चेंडूच्या मैदानावरची अमावस्या

मी रिसाल्यात भरती झालो तेव्हा मला रात्रीचं दिसत नव्हतं, आणि ही गोष्ट मी छावणीत कुणालाही सांगितलेली नव्हती.

आमचं घर युसूफ वडगावच्या शिवारात. थोडी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही. मेंढरं चाऱ्यासाठी गोदेकाठी, गंगाथडीला नेलेली, घरात दुधाचा थेंब नाही, भाजीपाला बघायलाही मिळत नव्हता. सुकी भाकर आणि मिरची. त्या उन्हाळ्यात दिवस मावळला की माझ्या डोळ्यांवर कुणी घोंगडी टाकावी तसं व्हायला लागलं. आई म्हणाली, "रातांधळं हाय ते. पाऊस पडला की जाईल." पण त्याआधीच मी छावणीत जाऊन भरतीच्या रांगेत उभा राहिलो. त्यांनी छाती मोजली, दात बघितले, घोड्यावर बसवलं. हे सगळं भर दुपारी झालं.

संध्याकाळ झाली की मी खाटेवर पडायचो. माझी खाट दारापासून चौथी, पाण्याचा रांजण तिथून अकरा पावलं. बाकीचे मला झोपाळू म्हणायचे. मी म्हणू द्यायचो.

हिवाळ्यात रिसाल्याच्या गोऱ्या साहेबानं नवीन कवायत काढली. छावणीच्या पलीकडे गोऱ्या अधिकाऱ्यांचं गोल्फचं मैदान होतं. आम्ही त्याला चेंडूचं मैदान म्हणायचो. तिथं हिरवळ कसली? मुरूम, कुसळं, मधूनमधून बाभळी. नऊ ठिकाणी तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचे गोल आणि प्रत्येक गोलाच्या मधोमध एक खड्डा. साहेबानं खड्ड्याजवळची निशाणं उपटून घेतली आणि दरेक खड्ड्यात आकडे कोरलेल्या पत्र्याच्या चकत्या टाकल्या. रात्री, बिनाकंदिलाचं, हातात कुतुबनुमा, म्हणजे होकायंत्र, घेऊन सांगितलेल्या खड्ड्यांपर्यंत जायचं आणि चकत्या आणायच्या. कुतुबनुम्याच्या काट्याला पांढरा रंग होता. कंदिलाजवळ धरला की तो थोडा वेळ अंधारात चमकायचा. दिशा काट्यावरून धरायची, अंतर पावलांनी मोजायचं. लढाईत रस्ता दाखवायला कुणी येत नाही, असं आमच्या तुकडीचे दफादार म्हणाले.

पहिल्या तीन रात्री जोड्या होत्या. माझा जोडीदार चौसाळ्याकडच्या पाटलाच्या घरातला, तोंडानं फटकळ. मी घाईनं म्हणालो, "तू काटा बघ, मी पावलं मोजतो."

"मोज," तो म्हणाला, आणि आपल्या पटक्याचं टोक माझ्या हातात दिलं. "हे धर. लांब राहिलास तर हाका कोण मारणार बे?"

मी ते टोक मुठीत घट्ट धरलं आणि तो नेईल तिकडे गेलो. तिन्ही रात्री आमच्या चकत्या बरोबर निघाल्या. दफादारांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मला घाम फुटला.

चौथ्या दिवशी हुकूम झाला की अमावस्येला प्रत्येकानं एकटं जायचं. मधे पाच दिवस होते.

त्या पाच दिवसांत मला जेवण गेलं नाही. दुपारी बाकीचे घोड्यांचा खरारा उरकून आडवे झाले की मी मैदानावर जायचो. अनवाणी, डोळे मिटून चालायचो. पहिल्या खड्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत एकशेसाठ पावलं, पायाखाली बारीक मुरूम. तिसऱ्याकडे जाताना कुसळं. सातवा उतारावर. जवळ आलं की वाळूच्या तेलाचा वास यायचा. कुठून कुठं पाठवतील ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळेच रस्ते पाठ करायला लागलो. रात्री अंथरुणात आकडे घोकायचो आणि सकाळी उठून बघावं तर दोन रस्ते एकात एक मिसळलेले असायचे.

एकदा डोळे उघडले तर जोडीदार समोर उभा.

"डोळे मिटून कावून चालतोस?"

"नवस हाय," मी म्हणालो.

"आपल्या दफादाराला सांगून टाक काय ते," एवढंच बोलून तो निघून गेला. मी मनाला समजावलं की तो भलतंच काहीतरी बोलत असेल.

अमावस्येच्या रात्री कंदिलाच्या उजेडात मला चिठ्ठी दिली. तीन, सात, एक. कंदिलापासून दहा पावलं गेलो आणि सगळं बंद झालं. कुतुबनुमा हातात होता, त्याचा काटा चमकत असेलही, मला मात्र ती नुसती गार डबी होती. मी बूट काढून गळ्यात अडकवले आणि मोजायला लागलो. तिसरा खड्डा सापडला. तेलाचा वास आला, गुडघ्यावर बसून वाळू चाचपली, चकती हाताला लागली. ती मी कमरेला घट्ट खोचली.

सातव्याकडे निघालो. शंभराच्या पुढे गेलो असेन, तेवढ्यात डावीकडे कुणीतरी ठेचकाळून शिवी हासडली आणि माझा आकडा गेला. एकशेवीस की एकशेतीस? मी अंदाजानं पुढे चालत राहिलो. उतार लागायला हवा होता, लागला नाही. कुसळं संपली. पायाखाली मोठे दगड आले. पायानं एक खडा ढकलला गेला आणि तो पडल्याचा आवाज फार उशिरानं, फार खालून आला.

मैदानाच्या कडेला जुनी दगडाची खदान होती. तिच्याभोवती चुन्यानं रंगवलेले धोंडे होते, अंधारातही दिसावेत म्हणून. मी त्यांच्या आत शिरलो होतो.

मी होतो तिथंच खाली बसलो. पुढं कुठं, मागं कुठं, काही कळेना. हाक मारावी तर नोकरी जाणार. न मारावी तर सकाळपर्यंत इथं, आणि झोप लागली तर? थंडीनं दात वाजत होते. लांबून एकेकाचे परतल्याचे आवाज आले, मग शांत झालं. मग माणसांची पळापळ, आणि दफादारांचा आवाज, "हिलना नहीं! जहाँ है वहीं बैठ!"

त्यांनी मला काखेत धरून मागे ओढलं. कंदील माझ्या तोंडासमोर धरला, मग बाजूला अंधारात हात नेला.

"कितनी उँगलियाँ?"

मी हात पुढे करून बोटं चाचपायला लागलो.

"कब से?"

"भरतीच्या आधीपासून, जी."

मला वाटलं, थोबाडीत बसेल. ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "कल को तेरे पीछे चार सवार देते. चारों को लेके गिरता."

मला फक्त माझ्या नोकरीची भीती होती. ते चार सवार माझ्या ध्यानीमनी आले नव्हते. तिथून मान खाली घालूनच परत आलो.

त्यांना जोडीदारानं सांगितलं होतं. पहिल्याच रात्री त्यानं ओळखलं होतं. हजेरीला मी दिसलो नाही तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं आणि वाट चुकलेला तिकडेच जाणार म्हणून दफादारांना खदानीकडे घेऊन आला. मी त्याच्याशी दहा-बारा दिवस बोललो नाही. जीव वाचला याच्यापेक्षा गुपित फुटल्याचा राग मोठा होता, ही खरी गोष्ट आहे.

सकाळी मला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी पापण्या वर करून पाहिल्या आणि म्हणाले, "बकऱ्याचं काळीज खा. रोज, दहा दिवस. मग ये."

मी गळ्यातल्या माळेला हात लावला. आमचं घर माळकरी. ती माळ बानं नारायणगडावर नेऊन माझ्या गळ्यात घातली होती. मी विचारलं, "दुसरं काही न्हाई का?"

"पालेभाजी आहे, दूध आहे. पण वेळ लागेल. साहेब तेवढं थांबेल का, ते तू बघ."

दोन दिवस मी विचार केला. तिसऱ्या दिवशी माळ काढून देवाच्या तसबिरीजवळ ठेवली आणि दवाखान्यामागच्या भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावत, ते काळीज गिळलं. नवव्या संध्याकाळी जोडीदार समोरून येताना दिसला. चालण्यावरून ओळखला असं नव्हे, त्याचं तोंड दिसलं. मीच आधी बोललो, "जेवलास का?"

"तू जेव आधी, लई वाळलास," तो म्हणाला.

पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्यात दफादारांनी मला पुन्हा एकटं सोडलं. काटा चमकताना दिसत होता. दोन चकत्या बरोबर आणल्या, तिसरी चुकीच्या खड्ड्यातली निघाली. साहेबानं मान हलवली आणि मला नोकरीत ठेवून घेतलं.

रजेवर गेलो तेव्हा बाला सगळं सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे घोंगडी खांद्यावर टाकून म्हणाला, "चल गडावर." तिथं त्यानं गडाच्या बुवांना काही न लपवता सांगितलं, आणि त्यांनी माझ्या गळ्यात पुन्हा माळ घातली. वाटेत बा एवढंच बोलला, "डोळे गेल्याचं पत्र कावून न्हाई धाडलं?"

त्यानंतर बरीच वर्षं चाकरी केली. तरी उन्हाळ्यात दिवस मावळायला लागला की मी घोड्यांच्या लाइनीपाशी जाऊन उभा राहायचो आणि शेवटचा घोडा दिसतो का ते बघायचो. दिसला तरी थोडा वेळ थांबून पुन्हा एकदा बघायचो.