कुलपात कुलूप

तलावाच्या दरवाजाचं चाक नुसत्या मनगटानं हलत नसे. ते सांभाळणारे चाकमामा अंगाचा भार टाकून फिरवायचे. चाकाला दोन कड्या, दोन कुलपं. एक केंद्राचं, एक राज्याचं. दोन्ही चाव्या आल्याशिवाय पाणी सुटत नसे. केंद्राच्या साहेबाला राज्याचा साहेब चोर वाटायचा, राज्याच्याला केंद्राचा. मामांना दोघेही.

या ओढाताणीत गेल्या उन्हाळ्यात कालव्याकाठची मामांच्या लेकीची रोपवाटिका करपली. म्हणून नवी साखळी आली तेव्हा लेक खुशीत होती. कड्या काढायच्या, चाकाला साखळी घालायची आणि तिची टोकं कुलपात कुलूप अडकवून जोडायची. कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते.

"माझा मेव्हणा परदेशात अशाच दरवाजावर आहे," मामा म्हणाले. "तिकडे हीच साखळी. हक्क दोघांना, पण गाड्या केंद्राकडे. मग आधी कोण पोचतं?"

"बाबा, तुम्हाला प्रत्येक दुधात माशी दिसते. माझी रोपं जगू द्या की!"

लेकीपुढे मामांचं काही चाललं नाही. साखळी बसवली, ओढून पाहिली. दोन्ही साहेब हसतहसत एका गाडीतून गेले. मामांना तेच खटकलं. मांजरं गळ्यात गळे घालू लागली की शिंकं तपासावं.

थोडे दिवस पाणी मिळालं. मग एका सकाळी तलावात नुसता चिखल. लेकीच्या रोपांची पाळी यायच्या आतच पाणी तिच्या दारावरून पुढे निघून गेलं होतं. पुढे केंद्राचा कारखाना होता आणि राज्याचं शहरही. साखळी जागेवर, कुलपं बंद. पण मामा चाकाची मूठ नेहमी खाली ठेवायचे. ती वर होती.

"आम्ही नाही," केंद्राचा साहेब फोनवर म्हणाला.

"त्यांनाच विचारा," राज्याचा म्हणाला.

लेक माना टाकलेल्या रोपांची पेटी घेऊन आली. "बाबा, कुणी नेलं?"

"तेच तर कळत नाही. पूर्वी अडवणारा तरी दिसायचा."

मामांनी दोन्ही साहेबांना बोलावलं. "जुन्या कड्या लावा, नाहीतर चाकाला दुसरा माणूस बघा."

दुसरा कोण मिळणार? कड्या लागल्या. केंद्राच्या साहेबानं राज्याचं कुलूप ओढून पाहिलं, राज्याच्यानं केंद्राचं.

ते गेल्यावर मामांनी दोन्ही.