वहिनीचा दुसरा गिअर

दिवसभर गाड्यांखाली लोळून मिस्त्रीची पाठ भरून आली होती. तेवढ्यात वहिनी थोरल्या भावाची जुनी गाडी घेऊन गॅरेजात आली. भावाला जाऊन वर्ष होत आलं होतं.

“भावजी, दुसरा गिअर पुन्हा खरखरतोय हो.”

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. गिअरचं तेल बदलून झालं होतं, क्लचची केबलही नवी घातली होती. तो स्वतः चालवून बघायचा तेव्हा गाडी मुकाट चालायची.

“चला, तुम्हीच चालवा,” म्हणत तो शेजारी बसला. तेव्हा त्याला दिसलं, वहिनीचा पाय क्लचवर नीट पोचतच नव्हता. उंचापुऱ्या भावाने मागे सरकवलेली सीट अजून तशीच होती.

“वहिनी, सीट पुढे घ्या की. क्लच पुरता दाबला जात नाही, म्हणून गिअर कुरकुरतोय.”

“ते बसायचे तशीच राहू दे म्हटलं,” ती हळूच म्हणाली.

मग तिनेच गाडी थांबवली, खाली हात घालून खटका ओढला आणि सीट पुढे घेतली. गाडी पुन्हा निघाली तेव्हा दुसरा गिअर अलगद पडला.