भाकरी घेऊन ओव्हन बघायला

बायकोने मागितलं होतं ते इतकंच: "अहो, ओट्यावर मावेल असा एक साधा ओव्हन आणा. मला वाकायला नको, बस्स."

तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आमचा जुना ओव्हन ओट्याखालच्या कप्प्यात, म्हणजे गुडघ्याशी. त्यामुळे मागच्या दिवाळीत घरची नानकटाई झालीच नाही. मी विकतची आणली. तिने ती पाहुण्यांपुढे ठेवली आणि कुणी विचारलेलं नसताना प्रत्येकाला, "ही विकतची आहे हं," असं सांगितलं; लांबच्या, नकोशा नातेवाइकाची ओळख करून द्यावी तसं. बेकरीच्या भट्टीवर पीठ नेऊन भाजून आणता येतं, पण तिथल्या बाकड्यावर नंबर लावून बसणं तिच्या कमरेला झेपणारं नव्हतं. या दिवाळीत मात्र आपल्या हाताने, ताठ उभं राहून नानकटाई करायचीच, असं तिने मनाशी धरलं होतं.

मी म्हणालो, "करायचंच तर नीट करू."

आमच्या घरातली निम्मी नासधूस या एका वाक्याने झालेली आहे. पुण्याच्या भाच्याच्या फ्लॅटमध्ये मी भिंतीत बसवलेला ओव्हन पाहिला होता. काळी काच, आत मंद दिवा, समोर उभं राहिलं की आपणच कुणीतरी मोठे वाटतो. कंबर दुखणाऱ्या माणसासाठी याहून चांगलं काय असणार? वाकायचा प्रश्नच नाही! मी निवृत्त झालेला, वेळच वेळ. सगळ्या कंपन्यांचे ओव्हन तपासून त्यातला सर्वांत चांगला आणायचा, असं मी जाहीर केलं. बायकोने कणीक मळता मळता फक्त एक सुस्कारा सोडला.

पहिल्या दुकानात जर्मन वाटावं अशा नावाचा ओव्हन होता. विक्रेता तरुण, टायवाला. त्याने चौदा की सोळा प्रकारे भाजता येतं म्हणून सांगितलं. त्यातले अकरा प्रकार मला एकसारखेच वाटले, पण मी मान डोलावत राहिलो.

"बिघडला तर?" मी विचारलं.

"सर्व्हिस आहे की सर."

"जर्मनीहून?"

"न्हाय सर, माणूस मोहोळचा हाय. पण ट्रेनिंग पुण्याचं हाय." गावाकडच्या मराठीत घसरल्याबरोबर त्याचा टाय जरा सैल झाल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दुकानात इटालियन नावाचा ओव्हन. त्यात वाफेवर भाजायची सोय. त्यासाठी एक टाकी, ती रोज पाण्याने भरायची. मी म्हटलं, "बाबा रे, आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पिंप भरायचं का ओव्हन?" तो म्हणाला, "सर, बिसलरीचं टाका." घरी येऊन हे सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, माणसं पिंपातलं पितात नि ओव्हन बाटलीतलं पिणार होय?"

तिसरी आपली देशी कंपनी. तिचा माणूस इतका देशी निघाला की प्रत्येक प्रश्नाला "मस्त चालतंय" एवढंच म्हणायचा. तापमान किती जातं? मस्त चालतंय. काच फुटते का? मस्त चालतंय.

मग घरी रोज रात्री जेवताना तुलना. जर्मनाचं दार जाड, इटालियनाचा दिवा छान, देशीच्या रॅक बाहेर सरकतात. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून मला 'कन्व्हेक्शन' हा शब्द झोपेतही येऊ लागला होता. बायको एकदा म्हणाली, "त्या दुकानात दिवाळी कधी आहे तेवढं विचारून या. तुम्हाला माहीत नसेल म्हणून."

मी चिडलो. पण मला उत्तर सापडत नव्हतं हेही खरं होतं. सगळे आपापल्या ओव्हनमध्ये केक आणि पिझ्झा उत्तम होतो म्हणून सांगत होते. केक कशातही होतो हो. ओव्हनची उष्णता सगळीकडे सारखी लागते की नाही हे कळायला सोलापूरच्या माणसाकडे एकच कसोटी आहे: कडक भाकरी. पातळ थापलेली ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवायची आणि मंद आचेला अशी सुकवायची की ती कडेपासून मध्यापर्यंत सारखी खुसखुशीत झाली पाहिजे. कुठे करपली किंवा मध्ये मऊ राहिली की आच असमान. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने हे तपासलेलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं आणि थोडा अभिमानही.

"दहा-बारा भाकरी थापून दे," मी म्हणालो.

"कशाला?"

"ओव्हनला."

तिने माझ्याकडे बघितलं. मग उभ्यानेच, एक हात ओट्यावर टेकून, तिने भाकरी केल्या. मध्ये दोनदा थांबली. मी तेव्हा ते बघितलं, पण माझ्या डोक्यात आच फिरत होती. भाकरी फडक्यात गुंडाळून तिने डब्यात घातल्या, वर सवयीने शेंगाचटणीची पुडी ठेवली.

जर्मन दुकानात मी डबा उघडला तेव्हा टायवाला मागे सरकला.

"सर, हे काय?"

"भाकरी. तुमच्या ओव्हनमध्ये सुकवून दाखवा."

"सर, डेमोला आम्ही पिझ्झा..."

"पिझ्झा इटालियन दुकानात. तुमचा जर्मन ना?"

त्याने असहायपणे ओव्हन भिंतीपासून किंचित ओढला. मागे वायरच नव्हती. मांडून ठेवलेला नुसता सांगाडा. इतके दिवस मी ज्याच्या दाराची जाडी दोन बोटांनी मोजत होतो, तो वीज नसलेला खोका होता.

इटालियनही तसाच. "सर, हे डिस्प्ले पीस." मी म्हणालो, "मग दिवा लागत होता तो?" तो म्हणाला, "तो सेलवर, सर."

होटगी रोडवरच्या देशी दुकानात मात्र एकच ओव्हन वायरीला लावलेला होता. भाकऱ्या आत गेल्या. आम्ही सगळे काचेतून बघत उभे. दुकानातले दोन नोकर, एक गिऱ्हाईक आणि त्याची सासू. सासूबाई म्हणाल्या, "कडेला जरा लाल व्हायलीय की हो." भाकरी बाहेर आली ती चांगली कडक झालेली. तोवर कुणीतरी चटणीची पुडी सोडली होती. नोकरांनी, गिऱ्हाइकाने, सासूबाईंनी उभ्या उभ्या सगळ्या भाकऱ्या संपवल्या. विक्रेत्याला मी म्हटलं, "आच सारखी लागते म्हणायची." तो तोंड भरलेलं असताना म्हणाला, "मस्त चालतंय."

तीन कंपन्यांची इतके आठवडे चाललेली तुलना अशी संपली. ज्याला वीज होती तो जिंकला.

ओव्हन भिंतीत बसवायला मिस्त्री यायच्या दिवशी मी बायकोला कुंभारीला तिच्या बहिणीकडे पाठवलं. धूळ नको, ठोकाठोक नको. मिस्त्रीने भिंतीला पेन्सिल लावली आणि विचारलं, "साहेब, किती उंचीवर घेऊ?"

मी भिंतीसमोर ताठ उभा राहिलो. "हितं," मी म्हणालो, "असा नजरेसमोर आला पाहिजे. मान वाकायला नको."

आता मी दारातून जाताना डोकं सांभाळून जाणारा माणूस, आणि बायको माझ्या काखेखालून सहज निघून जाते. हे लग्नापासून मला माहीत आहे. आमचे लग्नातले फोटोही फोटोग्राफरने तिला पाटावर उभं करून काढले होते. पण मिस्त्रीने विचारलं त्या क्षणी मला फक्त भाच्याच्या फ्लॅटमधला मी दिसत होतो.

ती परत आली. ओव्हन चमकत होता, खाली तीन ड्रॉवर, नव्या टाइल्स. मी आतला दिवाही लावून ठेवला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हा कुणासाठी बसवलाय?"

"तुझ्यासाठीच की."

"मग माझी मान वर का गेलीय?"

तिने हात उंच करून दार ओढलं. ते खाली पडून उघडणारं दार. त्याची कड नेमकी तिच्या हनुवटीपुढे येऊन थांबली. आतला ट्रे तिला दिसतच नव्हता. तो काढायचा तर टाचा उंचावून, हात डोक्याच्याही वर नेऊन, तापलेल्या दारावरून. तिने टाचा उंचावायचा प्रयत्न केला आणि लगेच कमरेवर हात ठेवला.

तिने दार हळूच वर लोटून बंद केलं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मला अर्थातच उपाय सुचला. "ओव्हनपुढे छोटा चौथरा बांधू. एकच पायरी."

"डॉक्टरांनी चढायचं नाही म्हटलंय."

"मग ट्रे मी काढत जाईन. तू सांगायचं, मी करायचं."

"मला सांगायचं नव्हतं हो," ती म्हणाली. "मला करायचं होतं."

मी मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, दिवाळीच्या तोंडावर कुटं भिंत फोडता? टाइल्स फुटतील, वायर खाली घ्यावी लागंल, ड्रॉवर जातील तिन्ही. पाडव्यानंतर बगू की." मी त्याला पटवायला लागलो, मग मलाच त्याचं पटायला लागलं. मीही "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणू लागलो. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

"मिस्त्री, उद्या सकाळी या. चकली मी मागच्या खोलीत करीन."

तो आला. चकलीचं पीठ मागच्या खोलीत आणि टाइल्सचा चुरा सगळीकडे. मी पोरासोरांसारखा इकडून तिकडे बादल्या नेत होतो. कुणी मला काही विचारत नव्हतं आणि मी काही सुचवलं की दोघंही माझ्यापुढे आणखी एक बादली सरकवत. मिस्त्रीने ओव्हन उपसून काढला, भिंतीला पेन्सिल टेकवली आणि सवयीने माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता," मी ओरडलो, "त्यांच्याकडे बघा!"

बायको भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग वळली, कोपरातून हात वाकवला, हातात ट्रे धरल्यासारखे दोन्ही तळवे पुढे केले. मिस्त्रीने त्या तळव्यांच्या रेषेत खूण केली. माझ्यासारख्या उंच माणसाला ती खूण जवळजवळ कमरेपाशी वाटली.

वसुबारसेला संध्याकाळी पहिला ट्रे आत गेला. मी काचेतून बघायला वाकलो तर तिने खांद्याला धरून बाजूला केलं. वेळ झाल्यावर तिने दार उघडलं, हातमोजे चढवले, आणि ताठ मानेने, कंबर न हलवता, ट्रे सरळ आपल्या पोटासमोर ओढून घेतला. नानकटाई वर छान फुगली होती, तळाला मात्र लाल. तिने एक मोडून बघितली, तोंड वाकडं केलं.

"खालची आच जास्त आहे," ती म्हणाली. "दुसरा घाणा वरच्या खणात लावते."

"भाकरी तर सारखी झाली होती," मी म्हणालो.

"सरका," ती म्हणाली, आणि दुसरा ट्रे आत ढकलला.