बाबांच्या नाडीचा आलेख

विद्यापीठात सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्स आणि डेटा सायन्स शिकत असताना शेवटच्या वर्षी मी नाडी मोजणारा मनगटी पट्टा तयार केला. वर्गातल्या पोरापोरींनी तो चार-दोन दिवस घातला आणि कंटाळून काढून ठेवला. खरा पेशंट मला घरातच मिळाला. बाबांचं जाम गावाजवळ हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान होतं. आदल्या उन्हाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला. सेवाग्रामच्या हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, दुकानात बसा, पण ट्रकच्या चाकाला हात लावू नका.

मी पट्टा बांधला तेव्हा बाबा खुशीत होते. ड्रायव्हरांना मनगट दाखवून सांगत, "माह्या पोरीनं बनवलं." नाडीचे आणि हाताच्या हालचालीचे आकडे त्यांच्या मोबाइलवरून माझ्या लॅपटॉपवर येत. मी होस्टेलवर बसून ते बघायची. हळूहळू लक्षात आलं, की दुपारी नाडी एकदम चढते आणि नेमका तेव्हाच हातही जोरात हलतो. आधी वाटलं, माझंच कुठलं तरी सोल्डरिंग सुटलं असेल. मग फोन केला.

"बाबा, दुपारी काय करून राह्यले होते?"

"काई नाई. बसलो होतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी घाबरून आईला सांगितलं. ती हातातलं काम टाकून दुकानात गेली, तर बाबा ट्रकखाली वाकून जॅक लावत होते. गिऱ्हाइकासमोरच ती त्यांना नाही नाही ते बोलली.

रविवारी मी घरी गेले. पट्टा टीव्हीजवळ काढून ठेवला होता. बाबा जेवत होते.

"काऊन काढला?"

"तुले माही काळजी होती, तं मले विचारायचं होतं. आईले काऊन सांगितलं?"

"विचारलं होतं. तुमी खोटं बोलले."

ते घास चावत राहिले. मग म्हणाले, "हो, बोललो. गाडीवाला उन्हात उभा राहून माह्या तोंडाकडे पाहते, तवा हात बांधून बसणं माह्याच्यानं होत नाई. तुया मशीनले समजते का हे?"



विद्यापीठात प्रोजेक्टच्या सरांना ते आलेख फार आवडले. आजारी माणसाचा कामावरचा इतका स्वच्छ डेटा सहसा मिळत नाही, म्हणाले. वापरायच्या आधी मी बाबांना फोनवर विचारलं.

"तुया शिक्षणाच्या कामी येत असन तं वापर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

प्रोजेक्टला चांगले मार्क पडले. त्यानंतर काही महिन्यांनी बाबांनी दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं. आई म्हणते, बरं झालं. तपासणीला गेलं की डॉक्टरही तेच म्हणतात. बाबा सकाळी पेपर उघडून बसतात आणि कितीतरी वेळ पान उलटत नाहीत. मी तब्येत विचारली की "बरी हाय" म्हणतात. मी पुढं काही विचारत नाही.