चिखल्याचं शिसं आणि माझा डावा खांदा

खांदा दुखतो म्हणून बेस गिटार सोडायला निघालेल्या मित्रांनो, आधी हा प्रवास वाचा. साठच्या दशकातला आहे, त्यामुळे गाड्यांची माहिती शिळी असेल, पण खांद्याची ताजी आहे.

मी तेव्हा गिरगावात कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. परदेशी गिटार परवडणारी नव्हती, म्हणून सुताराकडून सागवानाची करून घेतली होती. दिसायला देखणी आणि वजनाला दाराची फळी. तासाभरात डाव्या खांद्यात अशी कळ यायची की मान वळत नसे. एका लग्नात तर मी गाणं चालू असताना खाली बसलो. ऑर्केस्ट्रा चालवणारे दिनकरराव भले, पण स्पष्टवक्ते. "रघुनाथ, तलासरीच्या लग्नात वाजव. तिथेही बसलास तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." मला रडू यायचंच बाकी होतं. त्या बेसशिवाय माझा आठवडा म्हणजे नुसत्या फायली होत्या.

मालती, माझी बायको, मूळची चिखल्याची. ती म्हणाली, "अहो, एक दिवस आधी आमच्याकडे जाऊ. आईच्या हातचं जेवा, मग मोडायची ती मान मोडा." एवढ्या प्रेमळ आग्रहापुढे कोण नाही म्हणेल? निघालो.

सकाळची पॅसेंजर धरून डहाणू रोडला उतरलो. बाजारात चिकूच्या करंड्यांची रांग, भाव मराठीत आणि घासाघीस गुजरातीत. जाल तेव्हा चिकू दाबून बघू नका, विकणाऱ्या बायका हातावर फटका मारतात. मी खाल्लाय. सासरे नाना, निवृत्त शाळामास्तर, टांगा घेऊन आले होते. चिखल्याला टांगा रस्त्यावरच थांबला; पुढे सुरूच्या झाडांमधून वाळूची वाट होती.

आता त्यांच्या घरची रीत अशी की जावयाने ओझं उचलायचं नाही. मी गिटारला हात घालताच नानांनी ती काढून घेतली. "जावईबापू, राहू द्या. गावात काय म्हणतील?" आणि तिचा पट्टा माझ्यासारखाच डाव्या खांद्यावर घालून ते चालायला लागले. मी रिकाम्या हाताने मागून.

चार पावलांत गिटारची मान, म्हणजे तारांची लांब दांडी, जमिनीकडे झुकली. नानांनी डाव्या हाताने ती वर धरली. पुन्हा झुकली, पुन्हा धरली. त्यांचा डावा खांदा हळूहळू कानाला भिडला. मी वाटेतच थांबलो. इतकी वर्षं मी वाजवत होतो, पण वाजवताना मी दिसतो कसा ते कधी बघितलंच नव्हतं. माझा डावा हात सूर दाबायच्या आधी लाकूड उचलण्यातच दमत होता.

"नाना, जरा तसेच उभे राहा," घरी पोचताच मी म्हणालो. बिचारे ओसरीवर पुतळ्यासारखे उभे राहिले आणि मी त्यांच्याभोवती फिरत बसलो. गिटारची मान जड, मागची बाजू हलकी. मग मागे वजन वाढवलं तर? शेजारच्या जानकीमावशी अंगणात जाळं दुरुस्त करत होत्या. जाळ्याच्या खालच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात, त्यातल्या ओंजळभर मागितल्या.

"गिटार पान्यात सोडतो का काय?" त्या म्हणाल्या. "घे, पन आनून दे."

मालती म्हणाली, "आधीच मान मोडतेय, त्यात अजून वजन?" तरी तिनेच मांजरपाटाची पिशवी शिवली. ती गिटारच्या मागच्या टोकाला बांधली. अरुंद पट्टा काढून खाटेची रुंद नवार लावली आणि गिटार छातीपाशी वर घेतली, म्हणजे बोटं बघायला मान वाकवावी लागू नये. रात्री बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन निर्धास्त झोपलो.

दुसऱ्या दिवशी डहाणूहून एसटीने तलासरी. रस्ता ताडाच्या झाडांमधून चढत जातो, धुळीसाठी रुमाल हवाच. अहमदाबाद रस्त्याच्या नाक्यावर आल्याचा चहा घेतला आणि ऊन उतरताना मांडवात उभा राहिलो. दिनकररावांनी माझ्यामागे खुर्ची ठेवून दिली होती. मनाला ते फार लागलं.

पहिला तास गेला. कळ नाही. गाणं संपलं की दोन्ही हात सैल सोडत होतो, खांदे खाली. दुसरा तास गेला, वऱ्हाडी नाचायला लागले, वधूचे मामा त्याच खुर्चीवर येऊन बसले. शेवटच्या गाण्यानंतर मी दोन्ही हात वर केले. गिटार छातीवर आडवी, जागची हलली नाही. दिनकरराव बघतच राहिले. "नवसारीचं काम घेतलंय," ते म्हणाले, "तुला धरून." मी मोठ्याने हसलो, इतका की वऱ्हाड वळून बघायला लागलं.

परतताना मावशींना शिसं द्यायला गेलो, तर त्यांनी घेतलं नाही. "वाजतंय ना? मंग राहू दे."

पुढे काही महिन्यांनी गिरगावात शिंप्याकडे सदरा शिवायला टाकला. तो दरवेळी माझा डावा खांदा उंच धरून कापड बेतायचा. या वेळी त्याने फीत लावली, काढली, परत लावली.

"साहेब," तो म्हणाला, "दोन्ही सारखे भरतायत."

मी म्हटलं, "तसाच शिवा."