गुलाबी घोडा

काल वेल्ह्याच्या बाजारात कुणीतरी दुकानाचं शटर रंगवत होतं. ऑइलपेंटचा वास नाकात शिरला आणि मी लगेच रस्ता बदलला. या वासानं माझं नेहमी असंच होतं.

आंबवड्याजवळच्या एका वाडीतल्या देवळात भिंतीवर शिकारीचं जुनं चित्र होतं. मी स्वतः चित्रं काढते, म्हणून ते बघायला पुन्हा पुन्हा जायचे. मानेपासून शेपटापर्यंत घोडा एकाच रेषेत ओढलेला. मधली अर्धी भिंत चित्रकारानं कोरीच सोडली होती, आणि त्या मोकळ्या जागेमुळेच कोपऱ्यातलं हरीण जिवाच्या आकांतानं पळताना दिसायचं. एवढी जागा सोडायची छाती मला अजून झालेली नाही.

एका वर्षी जत्रेच्या तोंडावर सकाळी देवळाचं दार ढकललं आणि हाच वास अंगावर आला. जत्रेआधी देऊळ रंगवायचा मान तिथे दरवर्षी वेगळ्या घराकडे असतो, पण चित्राच्या भिंतीला कुणी हात लावत नसे. त्या वर्षीचे मानकरी वाडीतले आबा; मी चित्रं काढते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जुन्या चित्रावर ऑइलपेंट फासला होता. घोडा गुलाबी, चकचकीत. मोकळ्या जागेत ही एवढाली कमळं. शिसारी आली मला.

"लई जागा वाया गेलती, ताई," आबा खुशीत म्हणाले. "आता कशी भरल्याली दिसती!"

वर माझ्या हातात ब्रश दिला. "घोड्याचा डोळा तेवढा ऱ्हायलाय. म्हटलं, त्यो तुमच्याच हातनं व्हावा."

ब्रश तिथंच टाकून मी निघून आले. अजून दर जत्रेला आबांचा निरोप येतो, डोळा तुमच्यासाठीच ठेवलाय.

राहू दे आंधळा. ती कमळं त्याला तरी बघावी लागत नाहीत.