माकडवाल्या सरांचा विद्यार्थी

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे आठवणी लिहायला बसलो याचाच संकोच वाटतो. वाचणाऱ्यांनी एवढं पदरात घ्यावं.

लातूरला आम्हाला इतिहास शिकवणारे सर उत्क्रांतीच्या विचाराचा इतिहास अभ्यासत. माणूस माकडासारख्या पूर्वजांपासून झाला, हे मराठवाड्यातल्या शाळांत सगळ्यात आधी कुणी शिकवलं, लोक त्यावर काय म्हणाले, हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. स्टाफरूममध्ये त्यांना 'माकडवाले सर' म्हणत. मला त्याच विषयात, त्यांच्याच हाताखाली पीएचडी करायची होती. सर जूनअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी नोंदणी झाली तरच ते माझे गाईड होऊ शकत होते.

अर्ज घेऊन नांदेडला विद्यापीठात गेलो. इतिहासाच्या विभागप्रमुखांनी विचारलं, "ह्यात राजा कोणता?"

"राजा नाही सर. शाळामास्तर आहेत."

"मग हे प्राणिशास्त्रात ने."

प्राणिशास्त्राच्या मॅडमनी अर्ज चाळला. "नमुने कुठले?"

"जुनी पाठ्यपुस्तकं, मॅडम."

"ती काय फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवणार?" शेजारचा क्लार्क हसला. मॅडमनी शेरा मारला: इतिहास विभागाकडे पाठवावे.

पुढे चार महिने हेच. इतिहासाला आधी प्राणिशास्त्राचं ना-हरकत पत्र हवं, प्राणिशास्त्राला आधी इतिहासाचं. दर खेपेला लातूरहून सकाळची एसटी, आणि साहेब मीटिंगला गेलेले. अर्धापूरला केळीच्या गाड्या भरणारे माझे वडील फोनवर विचारायचे, "काय करून राहिलास रे तिकडं?"

"सही घ्यायची हाय, बाबा."

"मागच्या महिन्यातबी सहीच होती न्हाई का?"

मी त्यांच्यावरच चिडायचो. फोन ठेवल्यावर स्वतःवर.

एकदा वैतागून सरांना म्हणालो, "विषयच बदलतो. एखादा किल्ला घेतो."

"घे की. किल्ल्याला कुणी हसत न्हाई."

मी बदलला नाही.

जुलै उजाडला तरी विद्यापीठातून काही कळलं नाही. मग एका दुपारी सरांचाच फोन आला. "विषय मंजूर झाला. इतिहासातच." मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "माझी मुदत मात्र संपली. गाईड म्हणून विभागप्रमुखांचं नाव टाकलंय. तू आता नाही म्हणू नकोस. उद्या जाऊन सही करून ये."